निशिकांतकाकांचं नाक

सिंगापूरच्या जुरोंग ईस्टमधल्या मराठी मंडळींत कुणाचं नवं घर झालं की दूध उतू घालवायला निशिकांतकाका लागत. गुरुजी नसले तरी चालायचं, मंत्र काय मोबाइलवरही लागतात. पण काका चार दिवस गावाला गेले असतील तर लोक मुहूर्त पुढे ढकलायचे. आता तुम्ही म्हणाल, हे काय नवीन खूळ? खूळच ते. पण परमुलखात माणसं एकत्र आली की अशी खुळं रुजतात, आणि दोन-चार वर्षांत त्यांचा रिवाज होऊन बसतो.

काका यायचे ते पांढरा शर्ट, पायात बाटाच्या चपला, हातात काही नाही. चपला दाराशी काढून सरळ स्वयंपाकघरात. पाणीसुद्धा नंतर. शेगडीपाशी वाकायचे, डोळे मिटायचे आणि एकेका बर्नरपाशी, मग नळीपाशी नाक नेऊन एक लांबलचक श्वास ओढायचे. घर चिडीचूप. मग मागच्या जोडाला साबणाचं पाणी लावून बघायचे आणि कंबर धरून सरळ होत म्हणायचे, "उत्तम. लावा." की यजमानीण लायटर ओढणार, दूध चढणार, मंडळी टाळ्या वाजवणार. नाकवाले काका म्हणत त्यांना, तोंडावरसुद्धा. त्यांना ते आवडायचं, उगीच कशाला खोटं बोला.

त्या नाकाला इतिहास होता ना! काकांची उभी नोकरी मुंबईत परळच्या बाजूला कोळशाच्या गॅसच्या कारखान्यात गेली. सिलिंडर यायच्या कितीतरी आधीपासून मुंबईत नळाने गॅस होता, हे तिथल्याच माणसांना आता ठाऊक नाही, मग सिंगापुरात जन्मलेल्या पोरांना कुठून असणार? दूध उतू गेलं, पेढे वाटून झाले की काकांना खुर्ची मिळे आणि मुलं समोर बसत. काका सांगत, आमच्याकडे बिहारचा कोळसा वॅगनींतून यायचा. तो बंद भट्टीत घालून भाजायचा, जाळायचा नाही हं, भाजायचा. त्यातून निघायचा गॅस, मागे उरायचा कोक, आणि तळाशी डांबर. गॅस धुऊन-गाळून एका अजस्र टाकीत भरायचा. टाकी पाण्यात उभी असायची. गॅस भरला की वर चढायची, संध्याकाळी गावात स्वयंपाक सुरू झाले की हळूहळू खाली बसायची. टाकी किती बसली त्यावरून आम्हाला कळायचं, आज मुंबईने किती पोळ्या लाटल्या. रस्त्यावरचे दिवे, इराण्यांच्या बेकऱ्या, इस्पितळं, दादर-माटुंग्याच्या बिऱ्हाडांतल्या चुली, सगळं त्या टाकीवर. शंभराहून जास्त वर्षं चाललं आणि मग कोळसा महागला, नळ गंजले, सिलिंडर घरोघर आला आणि सरकारदरबारी कुणाला रस उरला नाही. भट्ट्या विझल्या. टाकीचे पत्रे भंगारवाल्याने नेले. त्या दिवशी जेवण गेलं नाही, म्हणत काका.

काका भट्टीवर नव्हते, गळतीच्या खात्यात होते. जमिनीखालच्या गंजक्या नळांतून गॅस कुठे झिरपतोय ते शोधायचं. रस्त्यात पहार ठोकून भोक पाडायचं, आडवं पडायचं आणि त्या भोकाला नाक लावायचं. भर रस्त्यात, बाजूने बस जातेय. त्यांचे वस्ताद होते चंद्रशेखर मिस्त्री. ते म्हणायचे, नाक हे फितूर असतं, अर्धा तास वासात राहिलं की वासालाच सामील होतं. म्हणून नाकाने जागा हेरायची आणि साबणाने खात्री करायची. जोडावर साबणाचं पाणी लावायचं, फुगे आले तर गळतंय, नाही आले तर नाही. मिस्त्रींचं वाक्य काका मुलांना मोठ्या ठसक्यात ऐकवत: "नाक खोटं बोलेल, साबण नाही."

बायको, सविताकाकू, गेल्यावर मुलाने, रुचिरने, त्यांना इकडे आणलं. रुचिर बँकेत, सून अश्लेषा नोव्हेनाला दवाखान्यात, दोघं सकाळी जात ती दिवे लागले की येत. काका भिंतींशी काय बोलणार! पण पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की सिंगापुरात अजून कारखान्यात तयार केलेला गॅस नळाने घरोघर येतो. कोळशाचा नव्हे, पण तयार केलेलाच. म्हातारा हरखून गेला. "अरे, हे तर आपलंच घराणं," म्हणाले. कलांग नदीकाठी इथलाही जुना कोळशाच्या गॅसचा कारखाना होता, चिनी लोक त्याला आगीचं शहर म्हणत, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं आणि रुचिरला रविवारी तिथे घेऊन गेले. बघायला फारसं काहीच उरलेलं नव्हतं. काका तरी तासभर तिथे नदीकडे बघत बसले. मग रुचिरच्या मित्राने घर घेतलं, काकांनी सहज शेगडीचा जोड हुंगून साबण लावून दिला, त्या मित्राने चार जणांना सांगितलं, आणि खूळ सुरू झालं. काकांना परक्या गावात नाव मिळालं. या वयात माणसाला आणखी काय हवं असतं?

आणि इथेच माशी शिंकली. तीन वर्षांपूर्वी घरात सगळ्यांना कोविड झाला. रुचिर-अश्लेषा आठवड्यात उठून कामाला लागली. काकाही उठले, तापही गेला, फक्त वास गेला तो परतलाच नाही. एकदा डाळ करपून धूर झाला तरी ते शेजारीच पेपर वाचत बसलेले. अश्लेषा म्हणाली, बाबा, वास नाही आला? काका म्हणाले, वाचनात होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! येईल परत, आज ना उद्या, म्हणत त्यांनी महिने काढले. अश्लेषाला सांगितलं असतं तर तिने डॉक्टरला दाखवलं असतं, पण मग चार लोकांत झालं असतं. नाकवाल्या काकांना नाकच नाही, हे कोण सांगेल?

बरं, माणूस बेजबाबदार नव्हता. सुरुवातीला ते नाकाचं नाटक करायचे, पण साबण न चुकता लावायचे. वाटीत भांड्यांचा साबण, थोडं पाणी, जुना टूथब्रश. शेगडी पुढे ओढायची, मागचा जोड बघायचा. तोपर्यंत तरी त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, असं ते स्वतःला समजावत. उन्मेष आणि शुभाच्या घरी मात्र त्यांनी साबण लावला नाही.

उन्मेष रुचिरच्या बँकेतला. शुभा अकाउंटंट, बाळंतपणाच्या रजेवर. नील चार महिन्यांचा. त्यांनी जुना फ्लॅट घेतला होता, आधीच्या मालकाची शेगडीही तशीच ठेवली होती. काका पोचले तोवर घर माणसांनी भरलेलं, मुहूर्त टळत आलेला. बघतात तर काय, कुणीतरी हौसेने शेगडीची पूजा आधीच उरकून टाकली होती. ओट्यावर रांगोळी, शेगडीला हळदकुंकू, बर्नरांना झेंडूचा हार, वर दुधाचं पातेलं. मागचा जोड बघायचा तर हे सगळं उचलून शेगडी ओढायला हवी. काका म्हणाले, जरा साबणाचं पाणी द्या. तर कोरसच झाला, अहो काका, पूजा झालेली शेगडी आता कशी हलवायची? तुमचं नाक असताना साबण कशाला? कुणी म्हणालं, यंत्राच्या वर नाक आहे काकांचं.

काका फुलले. खरं सांगायचं तर फुलले, नाही कशाला म्हणा. ते वाकले, डोळे मिटले, मोठा श्वास ओढला. नाकात काही नव्हतं. उदबत्ती नाही, झेंडू नाही, तूप नाही. ते सरळ झाले.

तेवढ्यात शुभा जवळ येऊन हलकेच म्हणाली, "काका, मला थोडा वास येतोय. कालपासून."

ती एक संधी होती, देवाने हातात ठेवलेली. काकांनी ती भिरकावून दिली. ते हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, तो नव्या रंगाचा वास. बाळंतिणीचं नाक हळवंच असतं. उत्तम आहे. लावा."

लोक हसले. शुभाही हसली, थोडी ओशाळून. दूध उतू गेलं. काकांनी टाकीची गोष्ट सांगितली. घरी जाताना मनात खुट्ट झालं होतं, पण रात्री झोप लागली, हेच नंतर त्यांना जास्त लागलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, शुभा खिडक्या लावून एसी सुरू करून नीलला घेऊन झोपली होती. समोरच्या मिसेस टॅन भाजी घेऊन आल्या, त्यांना बाहेर वास आला. त्यांनी दार बडवबडव बडवलं. शुभा उठली ती डोकं धरून, झोकांड्या खात. नशीब थोर म्हणून वेळेवर दार उघडलं. नीलला इस्पितळात नेलं, एक रात्र ठेवलं, पोर ठणठणीत निघालं. गॅसचा माणूस येऊन गेला. आणि मग घरात शोध सुरू झाला की चूक कुणाची.

चूक शुभाची ठरली. ठरायला वेळ लागला नाही. तिने झोपायच्या आधी दूध तापवलं होतं. रात्रीची जागरणं, हल्ली ती विसरायची, कधी चष्मा, कधी चावी. बटण अर्धवट राहिलं असणार, दुसरं काय? शुभा म्हणत होती, मी बंद केलं होतं. मग म्हणायला लागली, मला वाटतं मी बंद केलं होतं. मग काहीच म्हणेना. उन्मेषच्या आई पुण्याहून पुढच्या विमानाने आल्या. बाई वाईट नव्हत्या हो, घाबरलेल्या होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी शेगडीची दोन्ही बटणं उपटून काढली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. स्वयंपाक करायचा तर त्या बटणं आणत, झाला की परत पर्समध्ये. शुभाला स्वतःच्या घरात चहासाठी सासूकडे बटण मागावं लागे.

काका भेटायला गेले. जाणं भागच होतं. उन्मेषने त्यांना खुर्ची दिली, आईशी ओळख करून दिली. शुभा दाराशी उभी. मग उन्मेष, दमलेला, थोडा चिडलेला, म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही तपासलं होतं ना?"

शुभाने वर बघितलं. ती काकांकडे बघत राहिली. तिच्या नजरेत आरोप नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ती फक्त वाट बघत होती, की हा जाणता माणूस आता काय म्हणतो.

"तपासलं होतं," काका म्हणाले.

शब्द दोनच, पण त्यांनी चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. शुभा वळून आत गेली. तोवर काकांनीही स्वतःची समजूत काढून ठेवली होती की बटण राहिलंच असेल, पोर दमलेली आहे. लिफ्टपर्यंत सोडायला आलेला उन्मेष बोलता बोलता म्हणून गेला, तो गॅसचा माणूसही काय, शेगडी ओढून मागे दोन मिनिटं पाना फिरवला, ओके म्हणाला आणि चालता झाला. लिफ्टचं दार लागलं. काका तो पाना मनात फिरवत राहिले. शेगडीचं बटण उघडं राहिलं असतं तर मागे पाना फिरवायचं कारणच नव्हतं. जोड सैल होता. पूजेच्या दिवशीही सैल होता. पोरगी वास येतोय म्हणत होती तो गॅसचाच होता, आणि तो तिने घरोघरी गाजलेल्या नाकाच्या आधी ओळखला होता. वर जायचं बटण हाताशी होतं. काका खाली उतरले आणि घरी गेले.

खाई त्याला खवखवे. काकांना अन्न गोड लागेना. तसंही चव कधीच गेली होती, पण आता घास फिरायला लागला. अश्लेषा विचारी, बाबा, बरं नाही का? ते म्हणत, गरमी आहे. सिंगापुरात हे कारण बारा महिने चालतं.

मग त्यांनी एक उद्योग मांडला. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत साबणाचं पाणी भरलं, टूथब्रश खिशात घातला, आणि तीन वर्षांत ज्या ज्या घरी दूध उतू घालवलं होतं त्या सगळ्यांकडे एकेक करून जायला लागले. कधी एमआरटीची मेट्रो, कधी दोन बसा बदलून. सहज आलो होतो इकडे, म्हणत. चहा घेत आणि मग, बघू जरा तुमची शेगडी. लोकांना कौतुक वाटे, या वयात किती आपुलकी! प्रत्येक ठिकाणी काका शेगडी ओढत, जोडाला साबण फासत आणि वाकून फुग्याची वाट बघत. कुठेही फुगा आला नाही. प्रत्येक घरातून बाहेर पडताना त्यांना वाटे, आता हलकं वाटेल. वाटत नसे. कारण सगळ्या घरी जाऊन झालं, एका घरी जाणं राहिलं होतं, आणि साबण तिथे काही कामाचा नव्हता.

त्या घरी ते गेले नाहीत. शुभाच भेटली, लिटिल इंडियात, फुलांच्या दुकानापाशी. उन्मेषच्या आई नीलला कडेवर घेऊन कढीपत्ता निवडत होत्या. त्यांनी काकांना नमस्कार केला आणि सांगितलं की येत्या रविवारी त्या पुण्याला परतताहेत, नीलला घेऊन. पाच-सहा महिने. हिची तब्येत सुधारली की मग बघू. शुभा शेजारी ऐकत उभी होती, जणू तिचा काही संबंध नाही. सासूबाई पैसे द्यायला आत गेल्यावर ती काकांना म्हणाली, "मी नोकरीचा राजीनामा देतेय, काका. मला स्वतःच्या शेगडीचं आठवत नाही, मी लोकांचे हिशोब कसे तपासणार? हल्ली दिवा मालवला का तेसुद्धा मी उन्मेषला विचारते."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. काकांच्या ओठांवर शब्द आले, खरंच आले. तेवढ्यात सासूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या, आणि काका म्हणाले, तब्येतीला जप. शरम वाटली पाहिजे होती, आणि वाटली. भर बाजारात, मोगऱ्याच्या ढिगापुढे उभं राहून त्यांना मोगऱ्याचा वास आला नाही आणि स्वतःचा मात्र तिटकारा आला. मिस्त्री असते तर कानाखाली जाळ काढला असता, असं वाटलं. मिस्त्रींनी एकदा खरंच काढला होता, दादरला काकांनी एक जोड साबण न लावता बुजवला होता तेव्हा. त्या घरात माणसं झोपतात, निशा, एवढंच म्हणाले होते.

शनिवारी सारंग आणि भार्गवीच्या नव्या कॉन्डोत दूध उतू घालवायचं होतं. काका निघताना रुचिरला म्हणाले, आज जरा माझ्याबरोबर उभा राहा. रुचिरला अर्थ लागला नाही. बाबा थकलेत, आधार हवा असेल, असं त्याला वाटलं.

तिथे सगळे होते. उन्मेष होता, त्याच्या आई सोफ्यावर नीलला मांडीवर घेऊन, पर्स शेजारी. शुभा भिंतीशी टेकून. शेगडीची पूजा इथेही आधीच झालेली, हार, हळदकुंकू, पातेलं. यांना कोण शिकवणार! भार्गवी लायटर हातात धरून उभी राहिली आणि घर नेहमीसारखं गप्प झालं. काका शेगडीपाशी गेले, पण वाकले नाहीत. वळले.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. कोविडनंतर नाक गेलं, ते आलंच नाही. तुम्हाला मी खोटं दाखवत होतो."

कुणीतरी हसलं, काकांची काहीतरी गंमत असेल म्हणून. काका थांबले नाहीत, थांबले असते तर पुन्हा गिळलं असतं.

"शुभाच्या घरी गॅस मागच्या जोडातून गळत होता. बटण तिने बंदच केलं होतं. तिने मला त्याच दिवशी सांगितलं होतं की वास येतोय, आणि मी चार लोकांत तिला हसण्यावारी नेलं. नंतर उन्मेषने विचारलं तेव्हा मला तोंड उघडता आलं असतं. मी नाही उघडलं. मला नाकवाले काका म्हणवून घ्यायची चटक लागली होती."

एवढं बोलून त्यांना खोकला आला. रुचिर पुढे झाला, त्याने बापाचा दंड धरला. उन्मेष म्हणाला, काका, अहो, पण तो माणूस… आणि त्याला पाना आठवला असावा, कारण तो पुढे बोललाच नाही. तो शुभाकडे बघायला लागला, आणि तिच्याकडे बघवेना म्हणून जमिनीकडे.

शुभा भिंतीपासून निघाली. काकांच्या समोर येऊन थांबली. काकांना वाटलं, आता मारेल तरी किंवा रडेल तरी. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"तुम्ही आमच्याकडे खुर्चीत बसला होतात," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघत होते."

"हो," काका म्हणाले.

क्षमा मागायची तयारी करून आले होते, पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं की क्षमा मागणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी मागणं.

शुभा सासूकडे गेली आणि तिने हात पुढे केला. "आई, बटणं."

उन्मेषच्या आईंनी एकदा मुलाकडे बघितलं. मग पर्स उघडली. चष्म्याचं घर, रुमाल, पासपोर्ट बाजूला सारून तळातून दोन काळी बटणं काढली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली. शुभाने मूठ मिटली. "नील इथेच राहील," ती म्हणाली. आईंनी नुसती मान हलवली आणि पोराला जरा जास्तच घट्ट धरलं.

मुहूर्त टळून गेला होता. भार्गवी अजून लायटर धरून उभी, पातेल्यातलं दूध तसंच थंड. आता हा कार्यक्रम कसा पुरा करायचा, कुणाला कळेना. तेव्हा शुभाच परत ओट्यापाशी आली. भार्गवीला म्हणाली, वाटीत भांड्यांचा साबण दे. मग काकांकडे न बघता म्हणाली, "सांगा. कुठे लावायचा?"

काकांनी पातेलं उतरवलं, हार काढला आणि पूजा झालेली शेगडी दोन्ही हातांनी पुढे ओढली. हळदकुंकू त्यांच्या तळव्यांना लागलं, शर्टाला लागलं. मागच्या जोडावर त्यांनी बोट ठेवलं. इथे. आणि इथे, नळीच्या दुसऱ्या टोकाला. शुभाने एका हाताने साबण फासला, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच होती. दोघं वाकून बघत राहिले. फुगा आला नाही. तरी ती बराच वेळ हलली नाही, आणि काकांनी तिला घाई केली नाही. मग तिने जोडावर झुकून एक श्वास घेतला. "नाही," ती म्हणाली. "काही नाही. लावा."

भार्गवीने लायटर ओढला. दूध चढलं, उतू गेलं, बर्नरवर सांडलं, निळी ज्योत पिवळी होऊन चरचरली. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. काका पातेल्याकडे बघत उभे होते, आधी बघत असत तसेच, जणू नाकाने काही कळतंय. शुभा त्यांच्या शेजारी होती, तोंड दुसरीकडे.

"करपतंय, काका," ती म्हणाली.

"हो का," काका म्हणाले, आणि हात पुढे करून त्यांनी गॅस बारीक केला.